कोणाचं काय आपल्याकडे राहिलं आहे

रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातलं आठवं वचन आमच्या मंडळ्यांमध्ये बहुधा कर्जबाजारी माणसाला ऐकवण्यासाठीच काढलं जातं. कोणाचं काही देणं अंगावर ठेवू नका, एकमेकांवर प्रेम करण्याचं देणं तेवढं राहू द्या, असा त्याचा आशय. मुलीच्या लग्नासाठी कोणी पतसंस्थेतून कर्ज काढलं, मुलाला नर्सिंगला घालायला कोणी दागिने गहाण ठेवले, की उपासना सुटल्यावर चर्चच्या पायरीवर कोणीतरी या वचनाची आठवण करून देतंच. पहिला अर्धा भाग मोठ्याने म्हटला जातो. दुसरा बहुतेक वेळा राहूनच जातो.

माझं माहेर साताऱ्याचं, सासर मिरजेचं. नोकरी सांगलीच्या एका पतसंस्थेत झाली आणि तीही बरीच वर्षं कर्ज आणि वसुली विभागात. रविवारी हे वचन ऐकायचं आणि सोमवारी थकबाकीची यादी काढायची, असं चाललेलं असायचं. आता निवृत्त आहे. घराचं कर्ज फिटलं, कोणाला जामीन नाही, वाण्याकडे उधारी नाही. या वचनाने आपल्याला विचारावं असं काही उरलेलं नाही, अशी माझी समजूत होती आणि त्या समजुतीत मी सुखात होते. पण प्रभुभोजन घेण्याआधी माणसाने स्वतःची परीक्षा करावी, असं पौलाने करिंथच्या मंडळीला लिहून ठेवलं आहे. आदल्या रात्री घटकाभर एकटं बसायची सवय आईने लावली ती अजून आहे. त्या बसण्यात हेच वचन पुन्हा पुन्हा पुढे यायला लागलं, आणि या वेळी एकटं आलं नाही, आपल्या मागच्यापुढच्या ओळींना घेऊन आलं.

रोमकरांस पत्र पौलाने इ.स. ५७ च्या सुमारास करिंथहून रोममधल्या छोट्या छोट्या घरगुती मंडळ्यांना लिहिलं. तेव्हा नीरोचं राज्य होतं. करवसुलीच्या जाचाने लोक इतके वैतागले होते की पुढच्याच वर्षी त्यांची गाऱ्हाणी नीरोपर्यंत गेली, असं टॅसिटस हा रोमन इतिहासकार सांगतो. अशा लोकांना पौल सातव्या वचनात कर भरा, जकात भरा असं सांगतो आणि त्याच दमात मान आणि आदर यांनाही देण्यांच्या यादीत बसवतो. म्हणजे आठव्या वचनाशी येईपर्यंत देणं ही गोष्ट पैशापुरती राहिलेलीच नसते. पुढे नवव्या-दहाव्या वचनांत व्यभिचार, खून, चोरी, लोभ यांविषयीच्या आज्ञा येतात आणि शेजाऱ्यावरच्या प्रेमात त्या सगळ्या कशा सामावतात, हे येतं. बँकेतून कर्ज काढावं की काढू नये, हा प्रश्न या अख्ख्या परिच्छेदात कुठेच नाही.

कर्ज काढणं हेच पाप असतं तर मोशेच्या नियमशास्त्रात कर्ज देण्याबद्दल इतके नियम आले असते का? गरिबाकडून व्याज घेऊ नये, कोणाचं पांघरूण गहाण ठेवून घेतलं तर सूर्य मावळायच्या आत परत करावं, सातव्या वर्षी येणं सोडून द्यावं. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात उसनं मागायला आलेल्याकडे पाठ फिरवू नका असं सांगितलं. मागणाऱ्याला तो बोल लावत नाही. घेऊन न देणाऱ्याला सदतिसाव्या स्तोत्रात दुष्ट म्हटलं आहे, पण तिथेही बोट न देण्यावर आहे, घेण्यावर नाही. मी जसजशी हे सगळं शेजारी शेजारी ठेवून वाचत गेले, तसतसं एक उलगडत गेलं. हे वचन मला माझ्या डोक्यावर किती कर्ज आहे ते विचारत नाही. दुसऱ्याच्या हक्काचं काय माझ्याकडे अडकून पडलं आहे, ते विचारतं. आणि हा प्रश्न कर्ज फिटलेल्या माणसाला जास्त अडचणीचा आहे.

वसुलीच्या टेबलावर बसणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. ज्याचं देणं थोडं, त्याची मान जास्त खाली. हप्ता थकलेला माणूस पतसंस्थेच्या दारातून आत येतानाच अर्धा झालेला असतो. नोटिशीचा खाकी लिफाफा पोस्टमनने शेजाऱ्यांदेखत हातात दिलेला असतो. पुढे सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघतो, मग जप्तीची भाषा सुरू होते. त्याच्याबरोबर भरडला जातो तो जामीनदार. शाळेतल्या सोबत्यासाठी सही केलेला शिक्षक, मेव्हण्यासाठी सही केलेला एसटीचा कंडक्टर. त्यांच्या पगारातून कपात सुरू झाली की घरात बायकोला काय सांगायचं, हे विचारायला ते आमच्यासमोर येऊन बसत. नीतिसूत्रांच्या पुस्तकात जामीन राहू नको असं परत परत बजावलं आहे आणि ते शहाणपण मी रोज डोळ्यांनी पाहिलं. पण हाच पौल, कोणाचं काही देणं ठेवू नका म्हणणारा, फिलेमोनाला लिहिलेल्या छोट्याशा पत्रात अनेसिम नावाच्या गुलामासाठी जामीन राहतो. त्याच्याकडून काही येणं असेल तर ते माझ्या खात्याला टाक, मी फेडीन, असा मजकूर तो मुद्दाम स्वतःच्या हाताने लिहितो. ज्याच्यावर प्रेम आहे त्याचं देणं तो आपल्या अंगावर ओढून घेतो. तेव्हा हे वचन हात झाडून मोकळं होण्यासाठी लिहिलेलं नाही, एवढं तरी मला कळलं.

जत तालुक्यातल्या एका गावाहून एक बाई यायची. शेळ्यांसाठी घेतलेलं लहानसं कर्ज होतं. पदराच्या गाठीतून हप्ता काढायची. घामाने मऊ पडलेल्या नोटा काउंटरवर ठेवण्याआधी एकेक नोट तळव्याने सरळ करायची. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी तिने नो ड्यूजचा दाखला मागितला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवला. तिने आणखी एकदा वाचायला लावला. मग त्याची चौघडी करून दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळला आणि म्हणाली, "ताई, आता दारात कोण येणार न्हाई न्हवं?"

कर्ज देताना त्यातून शेअर्सपोटी काही टक्के रक्कम कापून घेतात. कर्ज फिटल्यावर सभासदाने राजीनाम्याचा अर्ज दिला की ती परत मिळते. अर्ज नाही दिला तर तशीच पडून राहते. तिचा एक हप्ता लांबला होता तेव्हा आमच्याकडून नोटीस गेली होती आणि नोटिशीचा खर्चही तिच्याच नावे पडला होता. तुझे शेअर्सचे पैसे आमच्याकडे आहेत, येऊन घेऊन जा, असं सांगणारं पत्र मात्र गेलं नाही. तसं पत्र कोणालाच जात नसे. सभासद नोंदवहीत अशी कितीतरी नावं होती. माणसं गाव सोडून गेली, काही वारली, रकमा राहिल्या. लेखापरीक्षकाने त्यावर कधी शेरा मारला नाही, कारण नियमाला धरूनच सगळं होतं. आपण कुठला नियम मोडला नाही, या वाक्याला पाठ टेकून मी निवृत्तीपर्यंत आले.

आता वाटतं, मागणारा आला नाही म्हणून देणं संपतं का? आपलं काही येणं आहे हे ज्याला ठाऊकच नाही, तो मागणार तरी कसा? सावकारी आणि सहकार यांत फार मोठं अंतर आहे, ते मी आयुष्यभर पाहिलं आहे आणि सहकाराने आमच्या भागातली घरं उभी केली हे कोणी नाकारू नये. पण येण्याची आठवण रोज ठेवायची आणि देण्याची आठवण समोरच्यावर सोडायची, ही खोड दोन्हीकडे सारखीच आहे. ती खोड माझ्या हाताला लागली होती. तीच मी घरातही वापरत आले का, हा पुढचा प्रश्न. त्याच्याकडे येतेच.

कर्जाच्या कागदाबद्दल आमच्या मुलखाची आठवण जुनी आहे. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि गावोगाव पसरला. त्याच वर्षी सप्टेंबरात कुकरूडला सावकाराच्या घरावर लोक गेले. कुकरूड तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीच्या शिराळा तालुक्यात आहे. त्या दंग्यांत माणसांच्या जिवावर उठण्यापेक्षा रोखे आणि वह्या ताब्यात घेऊन जाळण्यावर लोकांचा जोर होता. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्या कायद्याने न्यायाधीशाला रोख्यावरच्या आकड्याच्या मागे जाऊन मूळ रक्कम किती, व्याज किती, भरलं किती, हे पहिल्यापासून तपासायची मुभा दिली. अंगठा उठवलेला कागद म्हणजे खरं देणं नव्हे, असं सरकारलाही मानावं लागलं. पुढे १९४३ पासून प्रतिसरकारच्या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांनी याच टापूत गावोगाव न्यायनिवाडे केले, त्यांतही सावकाराकडे अडकलेल्या जमिनींचा प्रश्न होता.

बायबलमध्ये याच्या अगदी जवळचा प्रसंग नहेम्याच्या पुस्तकात, पाचव्या अध्यायात आहे. दुष्काळ पडलेला, राजाचा कर भरायचा, लोकांनी शेतं आणि द्राक्षमळे गहाण टाकलेले, लेकरं गुलामीत द्यायची पाळी आलेली, आणि सावकार परके नाहीत, त्यांचेच भाऊबंद. नहेम्या मोठमोठ्या लोकांना सभेत उभं करून खडसावतो. हा भाग प्रवचनांत पुष्कळदा ऐकला होता. त्यात एक वाक्य आहे तिकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं: आपण आणि आपले भाऊही या लोकांना पैसा आणि धान्य कर्जाऊ देत आहोत, असं तो तिथेच, सगळ्यांसमोर सांगतो, आणि मग म्हणतो की हे आता थांबवू या. दोष देणाऱ्यांच्या रांगेत उभं न राहता तो घेणेकऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो. सभा बोलावण्याआधी त्याने स्वतःशी विचार केला, असंही तिथे लिहिलं आहे. मला त्या एका ओळीने फार धीर दिला.

मिरजेहून साताऱ्याला जाताना इस्लामपूर-कराडच्या वाटेवर दिवाळीनंतर उसाच्या गाड्या लागतात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस कारखान्याला पोहोचल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे मिळायला हवेत, आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज द्यायला हवं. किती हंगाम हे कागदावरच राहिलं, ते ऊस लावणाऱ्या कोणालाही विचारा. कारखान्याकडे बिल अडकलेलं असतं आणि त्याच काळात त्याच शेतकऱ्याचं नाव गावच्या विकास सोसायटीच्या थकबाकीदारांच्या यादीत लागलेलं असतं. थकबाकीदार कोण म्हणायचा? आमच्या टेबलावर असे लोक येत. हंगाम झाला की भरतो, बिल निघालं की भरतो, म्हणत. आम्ही ते उत्तर टाळाटाळ या सदरात टाकत असू.

त्याच्याही खाली ऊसतोड कामगार. बीडकडून येतात, जत-माणसारख्या आमच्याच दुष्काळी तालुक्यांतूनही निघतात. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर तोडून ती फेडायची; नाही फिटली तर पुढच्या हंगामावर चढते. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या नावावर, मोळ्या मात्र बायकोच्या डोक्यावर. तिची मजुरी तिच्या हातात वेगळी अशी पडतच नाही. पहाटे अंधारात फडात, संध्याकाळी रस्त्याकडेला वाढ्याच्या पेंढ्या विकायला, म्हणजे बाजाराला चार पैसे सुटतात. नाताळात आमच्या मंडळीतून आम्ही त्यांच्या कोप्यांवर ब्लँकेटं आणि केक घेऊन जातो. मीही जाते, जाणार आहे, पोरांचे चेहरे बघून बरं वाटतं. पण याकोबाच्या पत्रात कापणी करणाऱ्यांच्या अडवून ठेवलेल्या मजुरीबद्दल लिहिलं आहे की ती मजुरी स्वतःच ओरडते आणि तो आवाज देवाच्या कानी गेला आहे. ज्याची मजुरी राहिली आहे त्याला ब्लँकेट दिलं तर मजुरी फिटली का? साखर माझ्या डब्यात आहे, स्वस्तात आहे, आणि ती स्वस्त का आहे याचा थोडा भाग त्या कोपीत आहे. हे मी एकटीने कसं फेडायचं, ते मला येत नाही. पण केक देताना आपण दाते आहोत असं वाटणं मी बंद करू शकते, मुकादमाच्या वहीत बाईचं नाव वेगळं लागावं म्हणून जे झगडतात त्यांच्या सभेला जाऊन बसू शकते. एवढं तर माझ्या हातात आहे.

आता वचनाचा तो दुसरा अर्धा भाग. प्रेमाचं देणं कधी फिटत नाही, ही गोष्ट मी लहानपणी गोड म्हणून ऐकली. मोठेपणी ती मला भीतीची वाटायला लागली, कारण न फिटणारं देणं म्हणजे काय हे आमच्या समाजाला चांगलं ठाऊक आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचं रुग्णालय उघडलं. ज्यांना गावात पाणवठ्यावर उभं राहू देत नव्हते त्यांना तिथे खाट मिळाली, त्यांच्या मुलींना परिचारिकेचं शिक्षण मिळालं. माझ्या आजेसासूबाई तिथेच शिकल्या. हे ऋण खरं आहे आणि मी ते मोकळ्या मनाने मानते. पण मिशनचं मीठ खाल्लंस, असं म्हणून कितीजणांची तोंडं बंद केली गेली, हेही आमच्या घरांतून सांगितलं जातं. उपकार करणारा सावकार झाला की प्रेमालाही व्याज चढतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी आणि पगार सोडला आणि साताऱ्यात येऊन 'देवाचा दरबार' मांडला. दोनच वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला माहीत आहे की त्या घरात पैसा टिकत नसे. पगार सोडणं म्हणजे काय, हे त्या बाईने सोसलं. मला टिळकांच्या त्या निर्णयात कृतघ्नपणा कधीच दिसला नाही. घेणेकरी-देणेकरी हे नातं मोडल्याशिवाय प्रेम मोकळं होत नाही, हे त्यांना जाणवलं असावं.

त्याच साताऱ्यात, थोड्याच वर्षांनी, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं विकलं, शेवटी मंगळसूत्रही. माझे वडील भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकले. ते सोनं त्यांनी कोणाला परत करायचं होतं? लक्ष्मीबाई १९३० मध्येच गेल्या होत्या. वडील प्राथमिक शिक्षक झाले आणि घरी येणाऱ्या कोणत्याही पोराला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. आई कधीकधी वैतागायची. त्यांनी त्याबद्दल कधी शब्द काढला नाही. मला आता वाटतं, ते देणं भरत होते.

पौलाचं म्हणणं मला आता असं कळतं. प्रेमाच्या खात्यात तो प्रत्येकाला देणेकऱ्याच्या बाजूला बसवतो. घेणेकरी कोणीच नाही. सासूने सुनेसाठी, आईने मुलासाठी, मंडळीने गरिबासाठी जे केलं त्याची वही कोणी काढून दाखवायची नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या दाखल्यात चाकराला दहा हजार तालांतांचं देणं माफ होतं. एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि एका तालांताचे सहा हजार दिनार धरले तर ती सहा कोटी दिवसांची मजुरी झाली. तो बाहेर पडतो आणि शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. मी सुनेला, मुलाला, भावजयीला 'तुमच्यासाठी एवढं केलं' म्हणते तेव्हा मी त्या चाकराच्या हाताने बोलते. हे लिहिणं सोपं आहे. माझी वही जाडजूड आहे आणि तिच्यातल्या नोंदी मला तारखेसकट पाठ आहेत.

आणि याच वहीच्या शेजारी दुसरी एक वही आहे जी मी उघडत नाही.

आम्ही राहतो ते मिरजेतलं घर सासऱ्यांचं. त्यांना दोन मुलं, माझे यजमान आणि त्यांची मोठी बहीण. वन्सं परिचारिका होत्या. लग्न होईपर्यंतचा त्यांचा पगार घरात आला. यजमानांच्या कॉलेजची फी त्यातून गेली, पुढच्या खोलीवर स्लॅब पडला तोही त्यातूनच. सासऱ्यांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा आहे, त्यात काही खळखळ नाही. तरी सासूबाई गेल्यावर वन्संनी दुय्यम निबंधकांच्या कचेरीत येऊन हक्कसोडपत्रावर सही केली, जशी आमच्या ओळखीतल्या सगळ्या बहिणी करतात, मग त्या चर्चला जाणाऱ्या असोत की देवळात. कोणी त्यांना धमकावलं नाही. कोणी विचारलंही नाही. कागद तयार होता, त्या आल्या, सही केली, आम्ही साडी नेसवली. त्या रात्री जेवताना त्या आणि मी पोटभर हसलो होतो, हेही मला आठवतं. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावरून त्यांचं नाव गेलं.

त्यांनी आनंदाने दिलं, असं मी स्वतःला सांगत आले. असेलही. पण न दिलं असतं तर माहेरचं दार त्यांना तितकंच उघडं राहिलं असतं का? या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे आणि म्हणूनच तो आनंद मी पुरावा म्हणून धरू शकत नाही. जतच्या त्या बाईला आपले पैसे कुठे आहेत हे ठाऊक नव्हतं म्हणून तिने मागितले नाहीत. वन्संना पुरतं ठाऊक आहे, आणि त्या मागत नाहीत. आज त्या इस्लामपूरला मुलाकडे राहतात, गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलत आहेत. भाऊ म्हणून यजमान दर नाताळाला साडी आणि पाकीट देतात, आणि ते देताना आमच्या घरात सगळ्यांना आपण चांगली माणसं असल्यासारखं वाटतं.

यजमानांशी बोलले. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "तिचा पगार मी मोजला होता एकदा. मग कागद फाडून टाकला." इतक्या वर्षांत ते मला कळलं नव्हतं. मुलगा नाराज आहे. हक्कसोड नोंदलेली आहे, कायद्याने विषय संपला, आत्या काही म्हणत नाहीत, मग तुम्ही कशाला उकरून काढता, असं त्याचं म्हणणं. त्याचा रागही मी समजू शकते; त्याने वरचा मजला कर्ज काढून बांधला आहे, त्याचे हप्ते चालू आहेत, आणि निम्मं घर हा लहान शब्द नव्हे. त्याच्या कर्जाचा भार वन्संच्या वाट्यावर पडता कामा नये, तसा वन्संचा वाटा त्याच्या बांधकामाखाली गाडलाही जाता कामा नये. म्हणून खालच्या जुन्या घराची आणि जागेची किंमत काढून घ्यायची आणि निम्मी रक्कम वन्संना द्यायची, आमच्या ठेवीतून जेवढी आत्ता होईल तेवढी आत्ता, उरलेली दर वर्षी, असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे. आमच्यानंतर राहील त्याची तजवीज मृत्युपत्रात करायची.

फोनवर वन्संना सांगितलं तेव्हा त्या आधी रागावल्या. "वहिनी, मी काय मागायला आले होते का?" म्हणाल्या. नाही आलात, म्हटलं, म्हणूनच. मग त्यांनी विचारलं की भाऊ स्वतः बोलणार आहे की तू एकटीच. यजमानांनी फोन घेतला आणि गॅलरीत गेले.

वकिलांकडे जाऊन आलो. अशा देण्याला कागदावर काय म्हणायचं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. हक्क सोडून झालेला असल्यामुळे, मोबदला न घेता दिलेली रक्कम ती भेट, जागा दिली असती तर बक्षीसपत्र. कायद्याजवळ याहून दुसरं नाव नाही. कागदावर तसंच लिहिलं जाईल. सोबत यजमान एक पत्र देणार आहेत, स्वतःच्या हाताने लिहिलेलं, त्यात वन्संचा कोणत्या सालचा पगार कशाला लागला ते आठवेल तसं मांडायचं आहे. ते लिहायला बसले आहेत. स्लॅब कोणत्या साली पडला ते त्यांनी आत्ताच मला विचारलं.